ट्रायथलॉन: खेळ आधी आला, सामान नंतर

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

गेल्या महिन्याभरात एकाच प्रश्नाचे चार-पाच व्हॉइस मेसेज आलेत. प्रश्न साधारण असा: "दादा, ट्रायथलॉन सुरू करायचंय. सायकल कुठली घेऊ?"

गंमत बघा. खेळ तीन आहेत. पोहणं, सायकल आणि धावणं. पण प्रश्न कायम सायकलचाच येतो, आणि तोही 'कुठली घेऊ' असाच. एकानं तर ईएमआयचं गणितही करून पाठवलंय. बारा हप्ते की अठरा, एवढंच मी सांगायचं.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोणी येऊन विचारलं की "मोठा सर्व्हर घेऊ का?", तर आम्ही आधी विचारतो, "अडलंय कुठे?" कारण आमच्या धंद्यात प्रत्येक फीचरच्या मागे कोणाची तरी तक्रार असते. ती तक्रार कोणाची होती, कधीची होती हे माहीत नसेल तर ते फीचर आपल्याला लागतं की नाही ते ठरवता येत नाही. ट्रायथलॉनच्या सामानाचंही अगदी तसंच आहे. वेटसूट, एरोबार, टीटी बाइक, क्लिपवाली पेडल्स, यातल्या प्रत्येक वस्तूमागे एक माणूस आहे आणि त्या माणसाची एक नेमकी अडचण आहे. म्हणून आज सायकलींचे मॉडेल नंबर बाजूला ठेवू आणि इतिहासात जाऊ. बजेट नंतर बघू.

सुरुवात कॅलिफोर्नियातून. तसं फ्रान्समध्ये १९२०च्या दशकात 'तीन खेळ' या अर्थाच्या नावानं धावणं, सायकल आणि पाणी अशा स्पर्धा झाल्या होत्या, पण आजच्या ट्रायथलॉनशी त्यांची थेट नाळ जोडता येत नाही. नाळ जोडली जाते ती सॅन डिएगो शहराशी. तिथे १९७०च्या दशकात धावण्याचं वेड पसरलं होतं. डेव्ह पेन नावाचे एक वकील होते, ते आपला वाढदिवस एका छोट्या शर्यतीनं साजरा करायचे: थोडं धावायचं, मग थोडं पोहायचं. १९७३ मध्ये या शर्यतीत जॅक जॉनस्टोन उतरला. हा कॉलेजच्या दिवसांत अमेरिकेतल्या उत्तम जलतरणपटूंपैकी एक होता, आणि त्याची तक्रार साधी होती: पोहणं फारच कमी आहे. जास्त पोहणं असलेली शर्यत आपणच भरवावी असं त्याच्या डोक्यात आलं. क्लबमधल्या लोकांनी त्याला सांगितलं, डॉन शॅनहन पण असंच काहीतरी करू बघतोय, त्याच्याशी बोल. फोन झाला. शॅनहन म्हणाला, यात सायकल पण घालू या. जॉनस्टोननं कधी सायकलची शर्यत केलेली नव्हती, त्यामुळे तो जरा का-कू करत होता, पण शेवटी हो म्हणाला.

आज ज्या सायकलसाठी आपण हप्ते भरायला तयार आहोत ती या खेळात अशी आली. दोन माणसांच्या तडजोडीतून, फोनवर.

शर्यत झाली २५ सप्टेंबर १९७४ला. बुधवार होता, संध्याकाळची वेळ. ठिकाण मिशन बे, समुद्राचा आत शिरलेला शांत पाण्याचा भाग. ४६ जण आले. आयोजकांना एवढ्यांची अपेक्षाच नव्हती. प्रवेश फी एक डॉलर. एकूण धावणं साडेआठ किलोमीटरच्या आसपास, सायकल आठ किलोमीटर, आणि पोहणं साधारण ५५० मीटर, तेही तुकड्या-तुकड्यांत. पोहून बाहेर यायचं, अनवाणी वाळूतून पळायचं, परत पाण्यात. सायकल ज्यानं त्यानं घरून आणायची होती, आणि लोकांनी घरात होती ती आणली. समुद्रकिनाऱ्यावर रमतगमत चालवायच्या जाड टायरच्या सायकली होत्या, तीन गिअरवाल्या होत्या. शेवटचे लोक पोहत होते तोवर अंधार पडला. मग काय, गाड्या किनाऱ्याला आणून हेडलाइट पाण्यावर टाकले आणि त्या उजेडात शर्यत संपवली. पहिला आला बिल फिलिप्स, पंचावन्न मिनिटं आणि काही सेकंदांत.

याच शर्यतीतला एक किस्सा मला फार आवडतो. जॉनस्टोननं बक्षिसाच्या ट्रॉफ्या करायला टाकल्या, तर कोरणाऱ्यानं त्याला फोन करून विचारलं, 'ट्रायथलॉन'चं स्पेलिंग काय? डिक्शनरीत शब्दच सापडत नव्हता. खेळाला अजून नीट नावही नव्हतं, मग 'ट्रायथलॉनची सायकल' ही कल्पना कुठून असणार?

त्या ४६ जणांत अमेरिकन नौदलातला एक अधिकारी होता, जॉन कॉलिन्स. बायको ज्युडी आणि मुलांसकट आला होता. पुढे त्याची बदली हवाईला झाली. १९७७ मध्ये तिथल्या एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद सुरू झाला: सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारे की पळणारे? आपल्याकडे कट्ट्यावर 'सचिन की कोहली' चालतं ना, तस्सं. कॉलिन्स मध्ये पडला. म्हणाला, मी तर मासिकात वाचलंय की एडी मर्क्सची ऑक्सिजन वापरायची क्षमता सगळ्यांपेक्षा जास्त आहे, आणि तो सायकलवाला आहे. मग भांडण कसं मिटवायचं? ओआहू बेटावर तीन शर्यती आधीपासूनच होत्या. वायकीकीचं समुद्रातलं पोहणं २.४ मैल, बेटाभोवतीची सायकल शर्यत ११५ मैल, ती खरं तर दोन दिवसांची, आणि होनोलुलू मॅरेथॉन. कॉलिन्स म्हणाला, तिन्ही एकाच दिवशी, एकामागे एक. जो पहिला येईल त्याला 'आयर्न मॅन' म्हणू.

सायकलचं अंतर आज ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर आहे. हा आकडा कुठून आला माहितीये? कॉलिन्सनं नकाशा बघितला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की उलट्या दिशेनं गेलं आणि तीन मैल कापले तर सायकल पोहण्याच्या शेवटाला सुरू होते आणि मॅरेथॉनच्या सुरुवातीला संपते. बस. जगभर हजारो लोक ज्या आकड्यासाठी पहाटे उठतात तो आकडा नकाशावरची सोय बघून ठरलेला आहे.

१८ फेब्रुवारी १९७८. पंधरा जण पाण्यात उतरले, बारा जणांनी शर्यत पूर्ण केली. वाटेत पाण्याची, खाण्याची सोय आयोजकांकडून काही नाही. ज्यानं त्यानं आपली मदतनीस मंडळी आणायची. नौदलातला जॉन डनबार सायकल संपेपर्यंत पुढे होता, पण त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर दिली. मॅरेथॉनमध्ये गॉर्डन हॅलरनं त्याला गाठलं आणि ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. तिसरा आलेला डेव्ह ऑरलोव्स्की मागून आणलेल्या सायकलवर होता, अंगात गुडघ्यावर कापलेली जीनची पँट. जीन! १८० किलोमीटर! ज्यांनी कधी जीन घालून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तरी सायकल मारली आहे त्यांना या माणसाबद्दल किती आदर वाटला पाहिजे ते कळेल.

इथपर्यंतच्या गोष्टीत सामान म्हणून काही नाहीच. मग ते आलं कुठून?

पुढच्या वर्षी, १९७९मध्ये, परत जेमतेम पंधरा जण होते. पण नेमका बॅरी मॅकडर्मॉट नावाचा पत्रकार एका गोल्फ स्पर्धेसाठी हवाईत आला होता. त्यानं या वेड्यांवर 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये दहा पानांचा लेख लिहिला. लेख वाचून टीव्हीवाले आले. १९८०मध्ये एबीसीनं शर्यत दाखवली, भाग घेणारे एका झटक्यात शंभरावर गेले आणि डेव्ह स्कॉटनं ती साडेनऊ तासांच्या आत मारली. १९८१मध्ये शर्यत कोना गावाला हलली. आणि मग आला फेब्रुवारी १९८२.

ज्युली मॉस नावाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी. व्यायामशास्त्राच्या अभ्यासातला संशोधनाचा प्रकल्प म्हणून शर्यतीत आली होती. ती बायकांमध्ये पहिली होती, शेवटची रेषा दिसत होती, आणि पायांनी दगा दिला. पडली, उठली, परत पडली. कॅथलीन मॅकार्टनी बाजूनं निघून गेली आणि जिंकली. ज्युली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत पोहोचली, फक्त २९ सेकंदांनी मागे. हे सगळं कॅमेऱ्यानं टिपलं आणि घराघरांत दिसलं. अजूनही तो व्हिडिओ शोधून बघा, हेडफोन लावून. शर्यतीचं नाव तिथून जगभर झालं, पण ते जिंकणारीमुळे नाही झालं.

आणि नाव झालं की बाजार येतो. १९८६ मध्ये टायमेक्सनं 'आयर्नमॅन' नावाचं डिजिटल घड्याळ काढलं. ते तुफान खपलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला बिल क्लिंटनही ते घालायचा. आता क्लिंटननं १८० किलोमीटर सायकल मारली होती का? अर्थातच नाही. पण लोकांना घड्याळाबरोबर एक प्रतिमा मिळत होती. आज मनगटावर जे महागडं जीपीएस वॉच असतं आणि ते बहुतेक वेळा लिफ्टपासून डेस्कपर्यंतची पावलं मोजतं, त्याचं मूळ इथे आहे. मी चेष्टा करतोय, पण तुच्छतेनं नाही. माझ्याही मनगटावर आहे एक. फक्त ते काय विकतं हे माहीत असावं.

सगळंच सामान असं नव्हतं, बरं का. काही वस्तू खऱ्या अडचणीतून आल्या, आणि गंमत म्हणजे बऱ्याचशा दुसऱ्यांच्या खेळातून उचललेल्या.

वेटसूट घ्या. ह्यू ब्रॅडनर हा बर्कलीचा भौतिकशास्त्रज्ञ, अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठी, पोशाख हवा होता. तोवर सगळे एकच गोष्ट करायला बघत होते: माणूस आत कोरडा राहिला पाहिजे. ब्रॅडनरनं म्हटलं, कोरडा कशाला राहायला हवा? ओला झाला तरी चालेल, ऊब टिकली पाहिजे. निओप्रीन रबरात बारीक बुडबुडे अडकलेले असतात, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. मला हा विचार फार सुंदर वाटतो. अडचण सोडवायच्या आधी त्यानं अडचण नीट मांडली. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या गार पाण्यात जॅक ओनीलनं ते सर्फिंग करणाऱ्यांपर्यंत नेलं. पण सर्फिंगचा सूट घालून हात फिरवत दोन किलोमीटर पोहता येत नाही, खांदे भरून येतात. १९८७मध्ये डॅन एम्पफिल्डनं 'किंताना रू' नावाची कंपनी काढून खास ट्रायथलॉनसाठी सूट बनवला. खांद्याला पातळ, बाहेरून गुळगुळीत. निओप्रीन तरंगतं, त्यामुळे पाय वर राहतात आणि पोहणं सोपं होतं, हा वरचा बोनस.

म्हणजे वेटसूट हे कॅलिफोर्नियाच्या गार पाण्याला दिलेलं उत्तर आहे. आता आपल्याकडे या. २०१९पासून गोव्यात 'आयर्नमॅन ७०.३' सुरू झाली. मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. पहिली स्पर्धा मणिपूरच्या बिश्वोरजित सैखोमनं जिंकली. या स्पर्धांच्या नियमाप्रमाणे पाणी साडेचोवीस अंशांच्या वर असेल तर हौशी स्पर्धकांनी वेटसूट घालून नंबरासाठी उतरता येत नाही. गोव्याचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. तरीही मी लोकांना गोव्याची तयारी म्हणून वेटसूटच्या किमती विचारताना बघितलंय. ज्या पाण्यासाठी ही वस्तू जन्माला आली ते पाणीच आपल्याकडे नाही. नाशिक, पुणे, कोल्हापूरच्या तलावात तो घालून बसलात तर शिजाल.

आता सायकल. तुम्ही याचीच वाट बघत होतात, माहितीये.

बून लेनन हा बर्फावरच्या स्कीइंगचा प्रशिक्षक. स्कीइंगवाले डोंगर उतरताना हात पुढे घेऊन, कोपरं आत घेऊन, अंडाकृती होऊन बसतात, हवा कमी अडावी म्हणून. त्याला वाटलं, सायकलवर असं का बसू नये? १९८७च्या सुमारास स्कॉट कंपनीकडून त्याचे हँडलबार बाजारात आले. ते पहिल्यांदा उचलले ट्रायथलॉनवाल्यांनी. सायकल शर्यतींची दुनिया परंपरावाली, ती नाक मुरडत बसली. १९८९च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी लोरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता, शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध. ग्रेग लेमाँडनं ट्रायथलॉनवाल्यांचे बार लावले, फिन्यों नेहमीच्या बारवर, डोक्यावर हेल्मेट नाही, केसांची शेपटी उडतेय. लेमाँडनं ५८ सेकंद काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. योगायोग बघा, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोनाला मार्क ॲलन आणि डेव्ह स्कॉट आठ तास खांद्याला खांदा लावून गेले आणि ॲलन जिंकला तो पण ५८ सेकंदांनीच.

पण बार लावून पुढे वाकलं की गुडघा छातीकडे येतो, कंबर दुमडते. मग पुन्हा एम्पफिल्ड. त्यानं १९८९मध्ये सीट पुढे सरकवलेली सायकल काढली. साध्या रोड बाइकची सीटची नळी ७३ अंशांच्या आसपास कललेली असते, त्यानं ती जवळपास ८० अंशांवर उभी केली. माणूस जणू अख्खाच पुढे फिरवला. ही झाली ट्रायथलॉन बाइक. म्हणजे आधी बार, बारमुळे अडचण, अडचणीमुळे सायकल. आमच्याकडे एक पॅच टाकला की दुसरीकडे बग निघतो, त्याच्यासाठी अजून एक पॅच, तसा हा प्रवास आहे, फक्त इथे शेवटी खरंच काहीतरी भारी तयार झालं.

आता हे तुम्हाला हवंय का? थोडं गणित करू. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट, तर ताकद आठपट. म्हणजे ताशी ४० किलोमीटरनं जाणारा जेवढा हवेशी झगडतो त्याच्या एक अष्टमांश झगडा २०नं जाणाऱ्याचा. यावरून काही जण म्हणतात की हळू चालवणाऱ्याला एरोबारचा फायदाच नाही. ते बरोबर नाही. हळू चालवणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे त्याचीही मिनिटं वाचतात. खरी अडचण वेगळी आहे. तो फायदा मिळतो तुम्ही त्या आसनात टिकलात तरच. पहिल्या वर्षी बहुतेकांची मान आणि पाठ पंधरा-वीस मिनिटांत बोलायला लागते आणि माणूस उठून बसतो. उठून बसला की एवढ्या पैशांची सायकल हवेच्या दृष्टीनं साधी सायकल होते.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: एरोबारवर हात असताना बोटं ब्रेकवर नसतात. कोनाच्या हायवेवर ठीक आहे. आपण सराव कुठे करणार? बायपासच्या सर्व्हिस रोडवर. तिथे उलट्या दिशेनं येणारी दुचाकी, अचानक थांबणारी सहा आसनी, न रंगवलेला स्पीडब्रेकर आणि कुत्रं हे सगळं एकाच किलोमीटरमध्ये भेटतं.

आणि तिसरी गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन २०००साली सिडनीला आलं. १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० धावणं. तिथे अव्वल खेळाडूंना एकमेकांच्या मागे राहून हवा चुकवायची परवानगी असते, आणि म्हणून त्यांना वाकड्या हँडलची साधी रोड बाइकच वापरावी लागते. टीटी बाइक चालतच नाही. जगातले सगळ्यात वेगवान ट्रायथलीट आपल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत ज्या प्रकारच्या सायकलवर करतात, तो प्रकार सेकंड हँडमध्ये तुमच्या शहरात मिळतो. मापाची बघा, हे मात्र पक्कं. मोठ्या मापाची स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका. आणि घरी चालू स्थितीतली हायब्रिड असेल तर ७५० मीटर, २० आणि ५ किलोमीटरची छोटी स्पर्धा तिच्यावर आरामात होते.

क्लिपवाली पेडल्सही बर्फावरूनच आली. लूक ही फ्रेंच कंपनी स्कीचे बूट अडकवायच्या कड्या बनवायची, १९८४मध्ये तीच युक्ती तिनं पेडलला लावली आणि पुढच्या वर्षी बर्नार्ड इनोनं त्यावर टूर जिंकली. छान वस्तू आहे. सहा महिन्यांनी घ्या.

हेल्मेटबद्दल मात्र वाटाघाट नाही. व्यावसायिक सायकल शर्यतींत ते सक्तीचं व्हायला २००३ साल उजाडलं, तेही पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा खेळाडू पडून गेल्यानंतर. ट्रायथलॉननं त्याच्या बरंच आधी सक्ती केली होती. आजही नियम असा आहे की पोहून आल्यावर हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल जागेवरून उचलायचीसुद्धा नाही, आणि सायकल परत ठेवेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. या एका बाबतीत हा नवखा खेळ जुन्या खेळापेक्षा शहाणा निघाला. बूट पायाला बसणारे घ्या, बाकी रंग कुठलाही.

तर आता राहिलं पोहणं. इतका वेळ मी याच्याकडेच येत होतो.

मी ही सगळी नावं एका ओळीत लावून बघितली. जॉनस्टोन: जलतरणपटू. डेव्ह स्कॉट, ज्यानं हवाई सहा वेळा जिंकली: पोहण्याचा आणि वॉटर पोलोचा माणूस, पोहणं शिकवायचा. मार्क ॲलन, तोही सहा वेळा: कॉलेजचा जलतरणपटू, किनाऱ्यावर लाइफगार्ड. हॅलर हा अपवाद, तो मुळात धावणारा. आपल्याकडे बघा. मिलिंद सोमणनं २०१५मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली, पंधरा तास एकोणीस मिनिटांत. आपल्याला तो अनवाणी धावणारा म्हणून माहीत आहे. पण तरुणपणी तो राष्ट्रीय पातळीचा जलतरणपटू होता. पुण्याचे कौस्तुभ राडकर, ज्यांनी कितीतरी आयर्नमॅन केल्या आणि अनेकांना तयार केलं, तेही मूळचे जलतरणपटूच. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, नावं मीच निवडलीयेत. पण जो पाण्यात आधीपासून निवांत आहे तो बाकी दोन गोष्टी शिकायला मोकळा असतो, असं मला यातून दिसतं.

आणि आपण? माझ्या बीटेकच्या वर्गातल्या किती जणांना खोल पाण्यात पाच मिनिटं एका जागी तरंगत राहता येईल? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेली मुलं वेगळी, पाठीला डबा बांधून ढकलून दिलेली. शहरात वाढलेल्या आमच्यासारख्यांना लांब श्वास न लागता दोन लांबी मारणं म्हणजे मोठी गोष्ट.

आता एक आकडा सांगतो, तो नीट ऐका. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा डॉक्टरांनी अभ्यास केला. अचानक झालेले मृत्यू, हृदय बंद पडण्याचे प्रसंग आणि अपघाती मृत्यू धरून १३५ घटना सापडल्या. त्यातल्या ९० पोहताना. सायकल पोहण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालते, मॅरेथॉन त्याहून थकवते, पण दोन तृतीयांश घटना पहिल्याच टप्प्यात. स्पर्धकांच्या संख्येच्या मानानं हे प्रमाण फार कमी आहे, घाबरवायला सांगत नाहीये. पण गर्दी, धक्के, थंड किंवा गढूळ पाणी, धडधडणारं हृदय आणि धरायला भिंत नाही, हे सगळं त्याच पहिल्या काही मिनिटांत असतं. तिथे विकत घेतलेलं काही उपयोगी पडत नाही. गॉगल आणि टोपी, एवढंच तुमच्या अंगावर.

म्हणून मला विचाराल तर क्रम असा. महापालिकेच्या तलावाचा पास काढा. प्रौढांना शिकवणारा प्रशिक्षक बघा आणि त्याला सरळ सांगा की वेग नको, आधी श्वास सोडायला शिकव. पाण्यात तोंड असताना श्वास सोडत राहणं, हे जमलं की निम्मं काम झालं. बहुतेक लोक श्वास घ्यायला धडपडतात, कारण आधीचा सोडलेलाच नसतो. मग न थांबता ४०० मीटर. मग खोल पाण्यात भिंतीला हात न लावता वळायचं. मग कधीतरी डोळे मिटून सहा हात मारून बघा, तुम्ही सरळ जाता की तिरके ते कळेल, कारण समुद्राच्या तळाला काळी रेष आखलेली नसते. मोकळ्या पाण्यात जायचं ते माहीतगार गटाबरोबर, तरंगणारा बोया कमरेला लावून. धरणाच्या पाण्यात एकट्यानं उतरू नका, कितीही चांगलं पोहत असलात तरी. वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या, हा खर्च सायकलच्या आधीचा. हे होईपर्यंत धावणं चालू ठेवा, त्याला रस्ता लागतो फक्त. आणि सायकल, घरातली.

या सगळ्याला मला साताठ महिने लागले. सकाळी सहाची बॅच, क्लोरीनचा वास दुपारच्या मीटिंगपर्यंत हाताला.

गोव्याच्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहायला साधारण ७० मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात बाहेर आला नाहीत तर अधिकारी तुम्हाला थांबवतात. सायकल तिकडे ट्रान्झिशनमध्ये उभी असते, काल रात्री पुसलेली, चेनला तेल लावलेली. मी २०-२२ लाखांचं सामान उभं असलेल्या अशा रांगा बघितल्यात, आणि त्यात काही सायकली शेवटपर्यंत जागच्या हलत नाहीत.

पुढच्या भागात पोहण्यातला श्वास, अगदी पहिल्या दिवसापासून. तोवर तलावाच्या वेळा आणि महिन्याची फी विचारून ठेवा, आणि व्हॉइस मेसेजमध्ये मला तेच कळवा.